वस्तीची भाजीबाग नागपुरात कशी उभी करायची: वाटणीच्या नियमापासून तोडणीच्या वहीपर्यंत

अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य गटातल्या कुटुंबाला रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. भाजी मिळत नाही. भाजी ज्याला परवडेल त्याने बाजारातून आणायची आणि नाही परवडली तर वरण-भातावर भागवायचं, अशी आजची व्यवस्था आहे. मे-जूनमध्ये सांभाराची (कोथिंबिरीची) जुडी आणि पालक महाग झाले की मजुरी करणाऱ्या घरांतून सगळ्यात आधी हिरवी भाजीच गायब होते. वस्तीतल्या रिकाम्या जागेवर मिळून भाजी पिकवायची ती या कारणासाठी. शहर सुंदर दिसावं हा हेतू असेल तर गुलाब लावलेले बरे.

पहिल्यांदाच असा गट बांधणाऱ्यांसाठी हा लेख आहे. तुम्ही शेतकरी नसाल तरी चालेल. पायऱ्या मात्र इथल्या क्रमानेच घ्या, कारण बहुतेक गट उत्साहात खोदायला सुरुवात करतात आणि जागेचा कागद, पाणी, वाटणी या गोष्टींवर नंतर भांडतात.

## १. आधी हिशेब, मग वाटणीचा नियम

आपल्याकडे लेआऊटमधला नेहमीचा प्लॉट १५०० चौरस फुटांचा, म्हणजे ३० बाय ५०. तोच नमुना धरू. रस्ते, पाण्याची टाकी, खताचा खड्डा वगळता त्यात प्रत्यक्ष पिकाखाली साधारण ६५० चौरस फूट, म्हणजे ६० चौरस मीटर जागा येते. नवख्या गटाने एका हंगामात चौरस मीटरमागे दीड ते दोन किलो भाजी धरावी. पावसाळा आणि हिवाळा पूर्ण, उन्हाळा अर्धा असं धरलं तर वर्षाला अडीचशे किलोच्या आसपास.

आता गरज बघा. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या सांगते. चौघांच्या घराला वर्षाला ५८० किलोहून जास्त झाले. म्हणजे अख्खा प्लॉट एका घराची अर्धी गरजसुद्धा भागवत नाही. हे आकडे पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर मांडा. ‘वीस घरांना रोज ताजी भाजी’ असं सांगून माणसं जमवली तर तिसऱ्या महिन्यात ती निघून जातात, आणि त्यांचा राग योग्यच असतो.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली: कांदा, आलू, पत्ताकोबी लावून जागा अडवू नका. ते कळमन्याच्या बाजारात पोत्याने येतं आणि टिकतं. तुमच्या वाफ्यात ते लावावं जे लवकर येतं, लवकर सुकतं आणि थोडं खाल्लं तरी अंगी लागतं: पालक, माठ, अंबाडी, मेथी, सांभार, मिरची, मुंगन्याचा (शेवग्याचा) पाला, बरबटी (चवळीच्या शेंगा). दुसरी: भाजी कमी आहे, तेव्हा ती कुणाला आधी मिळणार हे ठरवल्याशिवाय कुदळ मारू नका.

चालणारा नियम असा आहे. प्रत्येक तोडणीचे चार भाग करायचे. दोन भाग त्या आठवड्यात काम केलेल्यांना, केलेल्या तासांप्रमाणे. एक भाग वस्तीतल्या अशा घरांना ज्यांच्याकडून काम होणार नाही पण ज्यांना भाजीची गरज जास्त आहे: गरोदर आणि स्तनदा माता, एकटे म्हातारे, क्षयरोगाचं औषध चालू असलेले रुग्ण. एक भाग वस्तीतच बाजारभावाच्या निम्म्या दरात विकायचा. त्यातून बियाणं आणि पाण्याचं बिल निघेल. प्रमाण तुम्ही बदलू शकता. पण तिसरा भाग ‘उरलं तर देऊ’ असा ठेवला की कधीच उरत नाही, म्हणून तो तोडणीच्या वेळी आधी बाजूला काढायचा.

गट १२ ते २० घरांचा असावा. पैशाची वर्गणी ठेवू नका. आठवड्याला घरामागे २ तास काम ही वर्गणी. कामाची पाळी सगळ्यांनी आलटून-पालटून करायची, विशेषतः खताच्या खड्ड्याची. जी बाई दिवसभर दुसऱ्यांच्या घरची किंवा रस्त्याची सफाई करते, तिच्याकडेच बागेतलंही ओल्या कचऱ्याचं काम आपोआप सरकतं. हे होऊ द्यायचं नसेल तर पाळीचा तक्ता नावांसकट भिंतीवर लावा.

## २. जागा कुणाची आहे ते कागदावर बघा

‘ही जागा पंधरा वर्षांपासून अशीच पडून आहे’ याला काही अर्थ नाही. पडीक जागेलाही मालक असतो, आणि पीक उभं असताना तो येतो.

नागपुरात साधारण चार प्रकारच्या जागा मिळतात.

लेआऊटमधली सार्वजनिक उपयोगाची जागा, जिला सगळे पीयू लँड म्हणतात. ती महापालिकेकडे आहे की नागपूर सुधार प्रन्यासकडे, हे लेआऊटच्या मंजूर नकाशावरून आणि आखीव पत्रिकेवरून (जागेच्या मालकीच्या सरकारी उताऱ्यावरून) कळतं. ५७२ आणि १९०० लेआऊट (आधी अनधिकृत, नंतर नियमित केलेले) यांच्या भागात कागद आणि प्रत्यक्ष जागा यांचा मेळ बसत नाही असं बरेचदा होतं, म्हणून नकाशा हातात घेऊन टेपने मोजा.

गृहनिर्माण संस्थेची मोकळी जागा. यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. अध्यक्ष ‘करा’ म्हणाले एवढ्याने भागत नाही. पुढची कार्यकारिणी आली की बाग उखडली जाते.

शाळा, अंगणवाडी, विहार, मंदिर यांचं आवार. नवख्यांसाठी आमचं मत यालाच. कुंपण असतं, नळ असतो, आणि खाणारी मुलं तिथेच असतात. शाळांमध्ये पोषण आहारासाठी परसबाग करायला शासनाचंच प्रोत्साहन आहे, त्यामुळे मुख्याध्यापकांना पटवणं सोपं जातं.

खाजगी रिकामा प्लॉट. मालकाला एकच धास्ती असते: हे लोक उद्या कूळ म्हणून उभे राहतील. म्हणून परवानगीपत्रात तुम्हीच लिहून द्या की गट कुळाचा किंवा कब्जाचा कोणताही हक्क सांगणार नाही, पक्कं बांधकाम करणार नाही, मुदत ११ महिने, आणि जागा परत मागितली तर उभं पीक काढायला ६० दिवस मिळतील. शेवटची अट विसरू नका. ती नसेल तर ऐन टमाटर लागताना जेसीबी आलेला बघावा लागतो.

सरकारी जागेसाठी अर्ज तुमच्या झोन कार्यालयात सहायक आयुक्तांच्या नावे द्या आणि प्रत उद्यान विभागाला. महापालिकेचे १० झोन आहेत. आपला कुठला ते पाणी किंवा मालमत्ता कराच्या बिलावर दिसतं. जागा प्रन्यासची असेल तर अर्ज तिकडे. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. महिनाभरात हालचाल नसेल तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या शुल्कासह ‘अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली’ एवढंच विचारा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

फाईलमध्ये हे कागद असू द्या:

- आखीव पत्रिका (नगर भूमापन कार्यालयातून किंवा महाभूमीच्या संकेतस्थळावरून)
- लेआऊटचा मंजूर नकाशा
- ठराव किंवा परवानगीपत्र, सगळ्या सह्यांसह
- सभासदांची यादी आणि कामाच्या अटी
- नळ किंवा बोअर ज्यांचा आहे त्यांचं संमतीपत्र
- काम सुरू करण्याआधीचे जागेचे चारही बाजूंचे फोटो, तारखेसह
- माती तपासणीचा अहवाल

जागेवर झाड असेल तर ते तोडायचं नाही. शहरी भागातल्या झाडांना १९७५ च्या कायद्याचं संरक्षण आहे आणि परवानगीशिवाय तोडलं तर गुन्हा गटावर येतो.

## ३. जागा पिकण्याजोगी आहे का

ऊन. सलग ६ तास तरी थेट ऊन हवं. जागा उन्हाळ्यात पाहून ठरवाल तर फसाल. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो, सगळीकडे ऊन दिसतं. २१ डिसेंबरच्या सुमारास नागपुरात भर दुपारी सावली वस्तूच्या उंचीएवढीच पडते, उत्तरेकडे. म्हणजे दक्षिणेला ३० फुटी घर असेल तर हिवाळ्यात दुपारीसुद्धा तुमचा ३० फूट प्लॉट सावलीत. आणि आपला सगळ्यात चांगला भाजीचा हंगाम हिवाळाच आहे.

भराव. शहरातल्या प्लॉटवर मूळ माती क्वचितच वर असते. सब्बलीने (पहारीने) चार-पाच ठिकाणी दोन फूट खोल खड्डे घ्या. मलबा, काच, प्लास्टिक निघालं तर वेळ लागेल पण काम होईल. औष्णिक वीज केंद्राची करडी राख, गॅरेजचं तेल, जुन्या बॅटऱ्या किंवा रंगाचे पापुद्रे निघाले तर त्या मातीत खाण्याचं काही लावू नका. जमीन आरोग्य पत्रिकेच्या तपासणीत सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं अशा १२ गोष्टी येतात. शिसं येत नाही. शिशाची शंका असेल तर जड धातूंची तपासणी वेगळी मागावी लागते. तेवढे पैसे नसतील तर दुसरी जागा शोधणं स्वस्त पडतं.

माती. नमुना असा घ्या: नागमोडी चालत ८ ते १० ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा, त्याच्या कडेची दोन बोटं जाड माती. सगळी घमेल्यात कालवून ढीग करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा आणि कृषी विभागाच्या जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळेत द्या. झाडाखालची, उकिरड्याजवळची, भिंतीलगतची माती घेऊ नका. नमुना घेण्याआधी खत टाकलं असेल तर अहवाल निरुपयोगी.

अहवाल येईपर्यंत दोन घरगुती परीक्षा होतात. ढेकळावर लिंबू पिळा. फसफसलं तर चुनखडी आहे. अशा मातीत नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात, कारण लोह असूनही मुळांना मिळत नाही. दुसरी, फूटभर लांब-रुंद-खोल खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी २४ तासांनीही उभं असेल तर ती कन्हार (चिकट काळी) माती आहे, सपाट वाफ्यात पावसाळ्यात मुळं सडतील. नागपूरची काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. त्यावर उपाय उंच वाफे. दोन-चार घमेली रेती मिसळून काही होत नाही; उलट वाळल्यावर माती विटेसारखी होते.

## ४. पाणी

इथे चूक झाली तर बाकी सगळं वाया जातं, म्हणून थोडं सविस्तर.

१ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. आपल्याकडे हिवाळ्यात भाजीला रोज ४ मिलिमीटरच्या आसपास लागतं, मे महिन्यात ८. म्हणजे ६० चौरस मीटरला हिवाळ्यात रोज २४० लिटर, मे महिन्यात ४८०. महिन्याला १४ हजार लिटर झाले, म्हणजे पाण्याच्या बिलावर १४ युनिट. हे कुणा एका शेजाऱ्याच्या मीटरवर टाकून ‘बघू नंतर’ म्हणू नका. महिन्याच्या १ तारखेला मीटरचा आकडा वहीत लिहा आणि फरक गटाच्या पैशातून भरा. उन्हाळ्यात निम्मे वाफे विश्रांतीला ठेवले आणि उरलेल्यांवर पाल्याचं आच्छादन घातलं तर हा खर्च अर्ध्यावर येतो.

बोअरचं पाणी असेल तर आरओ दुरुस्तीवाल्याला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचं मीटर घेऊन बोलवा. ४५० पर्यंत निर्धास्त वापरा. त्याच्या वर २००० पर्यंत जपून, दर काही दिवसांनी भरपूर पाणी देऊन क्षार खाली ढकलावे लागतात. २००० च्या वर असेल तर भाजीसाठी नकोच. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी वाफ्यात ओतायची सवय आपल्या शहरात फार आहे. पाणी उडून जातं आणि क्षार टाकीत साठत जातात, म्हणून ते वाफ्यात जाऊ देऊ नका.

नाग नदी, पिवळी नदी किंवा कुठल्याही नाल्याचं पाणी भाजीला लावायचं नाही. त्यात शहराचं सांडपाणी येतं. सांभार, मुळा, टमाटर कच्चं खाल्लं जातं आणि त्यातून थेट लहान मुलांच्या पोटात जंतू जातात. बाकी कशावरही तडजोड होईल, यावर नाही.

पावसाचं पाणी धरता येतं. ५०० चौरस फुटांच्या छतावरून १० मिलिमीटरच्या एका सरीत जवळपास ३७० लिटर मिळतं. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी सोडून द्या, छतावरची धूळ-विष्ठा त्यात असते.

१००० लिटरची टाकी ३ फूट उंच ओट्यावर ठेवली की ठिबक मोटरशिवाय चालतं. धार हळू असते, म्हणून जास्त वेळ सोडावं लागतं आणि टाकीच्या तोंडाशी जाळीचा फिल्टर लागतो. टाकी आणि ड्रमना घट्ट झाकण किंवा मच्छरदाणीचं कापड हवंच. उघड्या पाण्यात आठवड्याभरात डेंग्यूचे डास तयार होतात, आणि मग वस्तीच बागेच्या विरोधात जाते. भंगारातले निळे ड्रम घेताना आधी त्यात काय होतं ते विचारा. रसायनाचे किंवा कीटकनाशकाचे ड्रम कितीही धुतले तरी घेऊ नका.

## ५. वाफे आखणे

३० बाय ५० च्या प्लॉटची ही आखणी नीट बसते. लांबीच्या एका टोकाला ८ फूट पट्टा टाकी आणि खतासाठी सोडा. उरलेल्या ४२ फुटांत मधोमध ३ फुटांचा रस्ता, ज्यातून हातगाडी आणि चाकाची खुर्ची जाईल. दोन्ही बाजूंना ३ फूट रुंद, १२ फूट लांब असे ९-९ वाफे, दोन वाफ्यांत दीड फुटाची वाट, कडेने कुंपणापासून दीड फूट सोडून. एकूण १८ वाफे.

रुंदी ३ फुटांपेक्षा जास्त करू नका. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर लोक वाफ्यात पाय ठेवतात आणि काळी माती एका पावलात दडपते. उंची ८ ते १० इंच. वाटांना नालीकडे हलका उतार. ज्यांना वाकता येत नाही त्यांच्यासाठी एक-दोन वाफे विटा रचून अडीच फूट उंच करा.

वाफ्याच्या कडांना विटा किंवा बांबू चालतात. जुने फ्लेक्स, टायर आणि रंगवलेल्या दारं-खिडक्यांचं लाकूड वापरू नका.

प्रत्येक वाफ्यावर २ इंच जाडीचं कुजलेलं खत पसरून वरच्या ६ इंचांत मिसळायचं. एका वाफ्याला ६ घनफूट लागतं, अठरांना १०८, म्हणजे मोटामोटी एक ब्रास (१०० घनफूट). गोठ्यातून आणताना हात घालून बघा: गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर ते कच्चं आहे. कच्च्या शेणखतातून हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी येते आणि कोवळी मुळं जळतात.

लागणारी अवजारं: २ फावडी, १ कुदळ, १ सब्बल, ४ खुरपी, ३ घमेली, विळा, झारी, १०० फूट पाइप, तोलकाटा. सगळ्यांवर लाल रंगाचा पट्टा मारा; हरवलेलं फावडं ओळखता येतं.

## ६. खत

३ बाय ३ बाय ३ फुटांचे दोन खड्डे किंवा विटांचे हौद: एक भरत असताना दुसरा कुजतो. एक भाग ओला कचरा, दोन ते तीन भाग वाळला पाला, वर मूठभर जुनं खत किंवा माती, असे थर. मूठ दाबली तर ओल जाणवावी, पाणी गळू नये. वास सुटला तर पाला कमी पडला. कुजतच नसेल तर ओल कमी. आठवड्यातून एकदा उलथवा. दोन-तीन महिन्यांत तयार होतं.

वाळला पाला ही खरी अडचण आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये शहरभर पानगळ होते आणि लोक ढीग जाळतात. तेव्हा पोती भरून वर्षाचा साठा करा. संत्र्याची सालं बारीक करून थोडी-थोडी टाकली तर कुजतात, एकदम घमेलंभर नको. गांडूळखत करायचं असेल तर नोव्हेंबरमध्ये सुरू करा. एप्रिलपासून हौद दाट सावलीत आणि ओल्या गोणपाटाखाली नसेल तर गांडुळं मरतात.

जीवामृत छोट्या बागेला १० लिटर पुरतं: अर्धा किलो ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन, मूठभर झाडाखालची माती, सावलीत ३ ते ४ दिवस, रोज ढवळून. हे मुळाशी ओता, पालेभाजीच्या पानांवर शिंपडू नका. ते शेणाचं पाणी आहे आणि सांभार आपण कच्चा खातो.

## ७. काय, कधी, किती

पावसाळा. जमीन चांगली ओली झाल्यावर, साधारण जूनच्या उत्तरार्धात, भेंडी, गवार, बरबटी, अंबाडी, माठ टोका. कुंपणावर दोडका, कारलं आणि पोपटाच्या शेंगांचा वाल चढवा. वाल जूनमध्ये लावला तरी शेंगा थंडीत धरतो, म्हणून त्याला कुंपणच द्या, वाफा नको. वांगं आणि मिरचीची रोपं मेअखेरीस सावलीत टाकून जुलैत लावा. १२ फुटी वाफ्यात दोन ओळींत वांग्याची १२ किंवा मिरचीची १६ किंवा भेंडीची २४ रोपं बसतात. याहून दाट लावली तर जास्त येत नाही, रोग जास्त येतो.

हिवाळा. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. पालक वाफ्याला १० ग्रॅम, मेथी १५ ते २०, सांभार २५. धणे चपलेखाली हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा. सगळे वाफे एकाच दिवशी पेरू नका. दर १० दिवसांनी दोन-दोन. ही चूक जवळपास प्रत्येक नवा गट करतो: एका आठवड्यात ३० किलो पालक येतो, अर्धा सडतो, आणि पुढचे तीन आठवडे काहीच नाही.

उन्हाळा. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात भेंडी, गवार, बरबटी, काकडी, लवकी (दुधी). मार्चच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत ५० टक्के सावलीची हिरवी जाळी साडेसहा फुटांवर बांधा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, जाळीविना पालेभाजी एका दुपारीत करपते. पण बाजारात भाजी सगळ्यात महाग तेव्हाच असते. त्यामुळे चार वाफे माठ आणि पालक काही करून जगवा, पाणी तिथेच खर्च करा.

उरलेले रिकामे वाफे मे महिन्यात भरपूर भिजवून १०० गेजच्या पारदर्शक प्लास्टिकने झाका, कडा मातीत पुरा, ४ ते ६ आठवडे तसेच ठेवा. आतलं ऊन तण, सूत्रकृमी आणि बुरशी मारतं. नागपूरच्या उन्हाचा एवढा फुकट फायदा दुसरा नाही. काळं प्लास्टिक घेऊ नका, त्याखाली माती तितकी तापत नाही.

पश्चिमेच्या कडेला दोन मुंगने आणि एक गोडलिंब (कढीपत्ता) लावा. दुपारचं ऊन अडतं, पाला बारमाही मिळतो. मुंगना दरवर्षी ५ फुटांवर छाटा, नाहीतर पाला हाताला येत नाही. पावसाळ्यात वाटांवर चिवळ आणि तरोटा या रानभाज्या आपोआप उगवतात. उपटून फेकू नका, वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांना त्या नेमक्या कधी खुडायच्या हे ठाऊक असतं.

## ८. कीड आणि जनावरं

मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांना निंबोळी अर्क: ५० ग्रॅम वाळल्या निंबोळ्या कुटून १ लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी गाळून १ ग्रॅम साबण, संध्याकाळी फवारणी. निंबोळ्या जूनच्या आसपास झाडाखाली वेचून ठेवा. वांग्याचे शेंडे माना टाकू लागले की आत अळी आहे. तो शेंडा दोन बोटं खालून कापून बंद पिशवीत उन्हात ठेवा. दर आठवड्याला हे केलं तर फवारणी लागत नाही. भेंडीची पानं पिवळ्या शिरांची झाली तर तो विषाणू आहे, औषध नाही, झाड उपटा. चुनखडीमुळे पिवळी पडलेली नवी पानं मात्र वेगळी: त्यांना १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि चिमूटभर लिंबूसत घालून फवारा, दहा दिवसांनी पुन्हा.

मोकाट गाई आणि डुकरं एका रात्रीत सगळं संपवतात. ५ फूट जाळी, खालचा फूटभर भाग जमिनीत गाडलेला. नुसत्या साड्या बांधून डुक्कर थांबत नाही. कुंपण झाल्याशिवाय पहिलं बी टाकू नका.

## ९. तोडणी, वजन, वाटप

आठवड्यात दोन ठरलेले दिवस, सकाळी ९ च्या आत. तोडलेलं सगळं आधी काट्यावर, मग वाटप. वहीत पाच रकाने: तारीख, भाजी, वजन, कुणी काम केलं, कुणाला किती गेलं. वाटपाच्या पिशव्या सगळ्यांच्या सारख्या असाव्यात. गरजू घरांची नावं मोठ्याने वाचायची नाहीत. पिशवी बाकीच्यांसारखीच घरी पोचवायची. रांगेत उभं राहून ‘फुकटची भाजी’ घ्यावी लागली तर ज्यांना खरी गरज आहे ती घरं दुसऱ्या आठवड्यापासून येत नाहीत.

वही एकाच माणसाकडे तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नका. महिन्याला एकदा ती बागेत सगळ्यांसमोर वाचायची, गरजू घरांची नावं सोडून. ताज्या भाजीच्या पलीकडे लोणचं, पापड, वाळवलेली मिरची पूड असं विकायला गेलात तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. ती आधी करा.

परवानगीची मुदत संपायच्या दोन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज द्या आणि त्यासोबत या वहीच्या पानांच्या प्रती जोडा: किती किलो निघाली, किती घरांत गेली, त्यात किती गरोदर बाया आणि किती एकटे म्हातारे होते. जागेच्या आधीच्या फोटोशेजारी आताचे फोटो लावा. आवक क्रमांक घ्यायला विसरू नका.